बाभुळगावात राहून लांब धनुष्य कसे करावे

माणसाच्या उंचीचं, एकाच लाकडाचं धनुष्य हातानं घडवायला शिकवणारा बाभुळगावात सहसा भेटत नाही. चुका काढणारे मात्र चौकात तयार बसलेले असतात. इच्छुकांनी ही सोय गृहीत धरूनच कामाला लागावं.

आधी लाकूड. गावाच्या नावाचा मान राखायचा म्हणून बाभळीकडे धावू नये. बाभूळ वखराला, डवऱ्याला, बंडीच्या चाकाला उत्तम. पण सरळ, बिनगाठीची सहा फूट बाभूळ दिसलीच तर आधी चार साक्षीदार बोलवावेत. साग हा यवतमाळ जिल्ह्याचा अभिमान. त्याची चौकट होते, दिवाण होतो, आणि परस्पर तोडला तर प्रकरण होतं. धनुष्याला खरं लाकूड धामण. चिवट आणि लवचीक म्हणून जुन्या लोकांनी धनुष्याला तीच पसंत केली. पण धामण जंगलात असते आणि जंगल वनखात्याचं असतं, तेव्हा रीतसर विकत घ्यावी. नाहीच मिळाली तर बांबू. 1927 च्या वन कायद्यानं बांबूला झाड ठरवलं होतं. 2017 च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका केली. बांबू हे गवत आहे, हे कायद्याच्या कानावर जायला 90 वर्षं लागली. आपण लाकूड वाळवताना एवढाच धीर धरावा.

वाळवायचं सावलीत, टोकांना मेण किंवा ऑइलपेंट फासून. विदर्भातल्या मे महिन्याच्या हवाली केलं तर लाकडाला भेगाच पडतील. ओलं राहिलं तर धनुष्य वाकतं आणि तसंच वाकलेलं राहतं. अती वाळलं तर तुटतं.

निशाणाकडे राहते ती पाठ, आपल्याकडे ते पोट. साल अलगद सोलून पाठीवर लाकडाच्या एकाच वर्षाची वाढ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड ठेवावी. तिथं रंधा मारून गुळगुळीत करण्याची हौस अनेकांना असते. चीर नेमकी तिथूनच उठते. तासायचं ते सगळं पोटाकडून.

आता मुख्य काम: दोन्ही भुजा सारख्या वाकवणं. गोठ्याच्या खांबाला धनुष्याची मूठ पक्की बसवावी, सैल लांब दोरी लावून ती खाली ओढावी आणि लांब उभं राहून बघावं. कुठे ताठ दिसतं, कुठे कोपरासारखं मोडतं? ताठ जागी खरवडायचं, मोडत्या जागेला हात लावायचा नाही. मोह मात्र तिथंच होतो. या टप्प्यावर वाकस आणि रंधा घरात कुलूपबंद करावा आणि फुटक्या काचेचा तुकडा घ्यावा. त्यानं केसाएवढी साल निघते, आणि तेवढी पुरते. कारण जाडी निम्मी केली की ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा उरतो. नुसता दहावा भाग काढला तरी पावापेक्षा जास्त जोर गेला. दरवेळी खरवडून झालं की वीस-तीसदा हलकेच ओढावं. लाकडाला फरक दाखवायला वेळ लागतो. पोटावर बारीक आडव्या सुरकुत्या दिसल्या तर तिथलं लाकूड चिरडतंय, थांबावं. चौकातून “डावीकडून जड दिसते, भाऊ” असं कोणी म्हटलं तर रागावू नये. दिवसभरात मिळणारा हा एकमेव उपयोगी सल्ला असतो.

किती ओढावं? 40 पौंडांचं धनुष्य हवं असेल तर भंगारवाल्याचा ताणकाटा दोरीला अडकवून 18 किलोपुढे एकदाही जाऊ नये, मग दोरी पुऱ्या ओढीच्या 28 इंचांपर्यंत आली नसली तरी. सीतास्वयंवरात धनुष्य मोडलं आणि लग्न जमलं, हे खरं. त्यानंतर असं घडल्याचं ऐकिवात नाही.

दोरी अंबाडीच्या वाखाची वळावी असं फार वाटतं. पहिल्या धनुष्याला मात्र पॉलिस्टरचा धागा बहुपदरी वळून लावावा आणि अंबाडीची भाजी करावी. चढवलेली दोरी मुठीपासून मूठ आणि उभा अंगठा एवढ्या अंतरावर असावी. शेवटी ओल लागू नये म्हणून जवसाचं तेल दोन-तीन हात. इंग्लंडचं मेरी रोझ जहाज 1545 मध्ये बुडालं, 1982 मध्ये वर काढलं, तेव्हा त्यातली शंभरावर यू लाकडाची धनुष्यं शाबूत निघाली. हा प्रयोग बेंबळेच्या धरणात करू नये.

धनुष्य तयार झालं की तुलना सुरू होईल. नागपूरच्या ओजस देवतळेनं 2023 मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवले, तुमचा बाण कुठं गेला? शांतपणे सांगावं की त्याच्या धनुष्याला चाकं असतात. दुसरा प्रश्न ठरलेला: “काऊन जी, रोही मरते का याच्यानं?” रोह्यानं हरभरा कितीही तुडवला असला तरी उत्तर ‘नाही’ हेच द्यावं, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे.

आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. बाणाला मिळायचा सगळा जोर लाकडात परत जातो आणि धनुष्य फुटतं. “दाखव बरं जरा” म्हणून जो ते हातात घेतो, तो सगळ्यात आधी हेच करतो. तेव्हा देऊ नका, पाहुणा असला तरी.