मिलिमीटरवाले

ओळखीत कुणी नवा कॉम्प्युटर घेतला की मोठी माणसं विचारतात, "केवढ्याला पडला?" पोरंटोरं विचारतात, "गेम कुठले चालतात?" मिलिमीटरवाला विचारतो, "बाजूचं पॅनेल लावल्यावर कूलरला उंची किती मिळते?" उत्तर त्याला मिलिमीटरमध्येच लागतं. "भरपूर जागा आहे साहेब, काळजी सोडा" असं म्हणणाऱ्या दुकानदाराची पायरी तो पुन्हा चढत नाही.

वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी हिंजवडीत, फ्लॅट कोथरूडला आणि बोलण्यात दशांश चिन्ह. टेबलाच्या खणात व्हर्निअर कॅलिपर. ते बोहरी आळीतून घासाघीस न करता आणलेलं असतं, कारण मापाच्या वस्तूवर घासाघीस करणं त्याला अशुभ वाटतं. घरातल्यांनी त्याला हात लावायचा नाही. मुलाने एकदा त्या कॅलिपरने पेरू मोजला होता, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

त्याचा पण असा, की सगळ्यात लहान डबा घ्यायचा, त्यात तगडा प्रोसेसर बसवायचा आणि तो कंपनीने नेमून दिलेल्या वेगाच्या वर पळवायचा. यातली कुठलीही दोन कामं कुणालाही जमतात. तिन्ही एकदम करायला गेलं की उष्णता आडवी येते, आणि तिला वाट काढून देणारा कूलर शोधण्यात वर्ष निघून जातं. घर तीन बेडरूमचं असतं. टेबल पाच फुटी असतं. टेबलाखाली वामकुक्षी घेता येईल एवढी जागा रिकामी असते. पण मोठ्या कॅबिनेटचं नाव काढलं की तो तुच्छतेने म्हणतो, "त्यात काय, कुणीही बसवेल."

या मंडळींचे डबे लिटरवर मोजले जातात. "दहा लिटरचा घेतोय," असं त्याने जेवताना जाहीर केलं तेव्हा आईने विचारलं, "दहा लिटर काय?"

"आतली जागा गं. म्हणजे हवा."

"मग पंधरा हजार कशाचे?"

"हवा कमी केल्याचे." हे उत्तर त्याने अगदी सरळ मनाने दिलं.

आत जो मदरबोर्ड बसतो तो मिनी-आयटीएक्स जातीचा, १७० मिमी लांब आणि तितकाच रुंद. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये हे माप काढलं ते कमी वीज खाणाऱ्या, गरीब स्वभावाच्या यंत्रांसाठी. मिलिमीटरवाल्याने त्याच चौकोनावर १०५ वॉटचा प्रोसेसर चढवला आणि वर म्हणाला, "आता जरा ओव्हरक्लॉक करू."

या वेडाचं मूळ १९९८ सालात आहे. त्या वर्षी इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला. ३०० मेगाहर्ट्झचा, बेताच्या खिशाला परवडणारा. मदरबोर्डवर बसचा वेग ६६ वरून १०० केला की हाच गरीब बिचारा ४५० वर पळायचा. दीडपट वेग, तोही फुकटात! आपला गृहस्थ तेव्हा इंजिनिअरिंगला होता. लॅमिंग्टन रोडवरून त्याने तो आणला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण ते नाव विचारून कुणी तिथे पोचल्याचं ऐकिवात नाही.) होस्टेलच्या खोलीत त्या रात्री ४५० चा आकडा स्क्रीनवर उमटला आणि कंपनीचा आकडा ही नुसती सूचना असते, अशी त्याची कायमची समजूत झाली.

पंचाईत एवढीच, की पुढे कंपन्यांचीही तीच समजूत झाली. आजचा प्रोसेसर वीज आणि तापमान बघून आपला आपणच होता होईल तेवढा पळतो, गिऱ्हाइकासाठी मागे फारसं काही ठेवत नाही. पन्नास टक्के मिळायचे तिथे आता तीन-चार टक्क्यांसाठी घाम गाळायचा. हे त्याला पूर्ण ठाऊक आहे. तरी तो गाळतो.

कूलरची निवड एक्सेलमध्ये चालते. उंची, पंख्याची जाडी, तांब्याच्या नळ्या किती, रॅमवर झुकतो का, आवाज किती डेसिबल, एएम५ सॉकेटला बसतो का, असे रकाने असतात. शेवटचा रकाना "शेरा". तो वाचनीय असतो. "उत्तम. पॅनेल बंद होत नाही." "रॅमला लागतो." "बसतो, पण मग कनेक्टर काढायला बोट जात नाही." "सगळं जुळतं. काहीतरी गडबड आहे." चाचण्या सोडल्या तर त्याच्या यंत्रावर आजवर चाललेलं सगळ्यात जड काम म्हणजे हीच फाइल.

यादीत सर्वांत वर ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५ असतो. उंची १६५ मिमी. तो घ्यायचा नसतो, त्याचं दर्शन घ्यायचं असतं, कारण अख्खा डबाच त्याहून अरुंद. खरा विचार ७० मिमीच्या खाली सुरू होतो. नॉक्टुआचाच एनएच-एल९ए ३७ मिमीचा आहे, पण हा ओव्हरक्लॉकिंगसाठी नाही असं कंपनीच बजावते. मिलिमीटरवाला ते वाक्य वाचतो, मान डोलावतो आणि "असं लिहावंच लागतं त्यांना" म्हणून पुढे जातो. मग येतो थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७. उंची नावातच आहे, ४७ मिमी. त्यातले १५ पंख्याने खाल्ले की उरलेल्या ३२ मध्ये तळ, नळ्या आणि पत्र्यांची चवड मावली पाहिजे. पंखा जाड घ्यावा तर पत्रे कमी होतात, पत्रे वाढवावेत तर पंखा बारीक आणि किंचाळणारा होतो. एवढ्या एका मुद्द्यावर तो रात्रीचा एक वाजवू शकतो.

स्वीडनच्या फ्रॅक्टल कंपनीचा टेरा हा डबा असला तर विचारूच नका. १०.४ लिटरच्या त्या डब्यात मधोमध एक सरकती भिंत असते. भिंतीच्या एका अंगाला प्रोसेसर आणि कूलर, दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड. कूलरला ४८ ते ७७ मिमी मिळतात, कार्डाला ७२ ते ४३. बेरीज कुठूनही करा, १२०. दोन भावांच्या शेतामधला बांध असतो तशी ही भिंत. रात्री जेवण झालं की हा कूलरच्या बाजूने एक खाच कोरतो, सकाळी कार्डाची दया येऊन परत करतो. कागदपत्रं दोन्ही बाजूंची त्याच्याकडेच असल्यामुळे निकाल लागत नाही.

अखेर कूलर ४७ चा ठरतो, कारण ४८ मध्ये तो बसतो आणि कार्डाला पूर्ण ७२ सुटतात. पण कंपनीच्या आकड्यावर हा विसंबत नाही. आधी पुठ्ठ्याचा कूलर करतो. लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी फार चांगला. ९२ मिमीचे चौकोन कापायचे, एकावर एक चिकटवायचे, व्हर्निअरवर ४७ भरले की थांबायचं. तो ठोकळा मदरबोर्डवर ठेवून पॅनेल लावायचं आणि वरच्या फटीतून पोस्टकार्ड सरकवून बघायचं. पोस्टकार्ड न अडकता इकडून तिकडे निघालं तेव्हा तो "एक मिलिमीटर शिल्लक!" असं अशा काही आवाजात ओरडला, की स्वयंपाकघरात बायकोला वाटलं गृहकर्ज फिटलं. चुलतभावाच्या मुलीची पत्रिकाही त्या ठोकळ्यात गेली होती. लग्नाच्या दिवशी कार्यालयाचा पत्ता बघायला पुठ्ठ्याचा कूलर थराथराने सोलावा लागला. मुहूर्त तिसाव्या मिलिमीटरला सापडला.

या जमातीत दोन पंथ आहेत, हवेवाले आणि पाणीवाले. पाणीवाले म्हणतात, प्रोसेसरवर फक्त पंप ठेवा, उष्णता नळीने रेडिएटरपर्यंत न्या. हवेवाले म्हणतात, रेडिएटर जाडीला २७ मिमी, त्यावर पंख्याचे २५, झाले ५२, एवढी जागा असती तर आम्ही रडलो असतो का? शिवाय पंप सगळ्यात उंचावर आला की हवेचे बुडबुडे त्यात अडकतात आणि यंत्र रात्रभर गुळण्या करतं. आपला गृहस्थ हवेवाला. "पंप बंद पडला तर?" हा त्याचा ठेवणीतला प्रश्न. त्यावर बायको म्हणाली, "आपल्या टाकीचा पंप बंद करायचं तुझ्या लक्षात राहत नाही. हा आपला आपण बंद पडत असेल तर चांगलंच आहे की." गंमत म्हणजे हवेवाल्यांच्या तांब्याच्या नळ्यांतही पाणीच असतं. आतली हवा काढून थोडंसं पाणी कोंडलेलं असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते आतल्या सच्छिद्र अस्तरातून माघारी येतं. म्हणजे भांडण पाण्याचं नाहीच, पंपाचं आहे. दोन्ही पंथांना हे माहीत आहे आणि दोन्ही पंथ भांडतात.

कूलर घरी येतो त्या दिवशी सोवळं पाळलं जातं. पंखा बंद, बाई उद्या या, मुलांनी धावायचं नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावायची असते. "आंबेमोहोराच्या की बासमतीच्या?" असं बायकोने थट्टेने विचारलं. त्याने दोन मिनिटं विचार करून सांगितलं, "बासमती." कूलरच्या तळाला प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी असते. ती न काढताच कूलर बसवणारा एक तरी महाभाग सगळ्यांच्या ओळखीत असतो. हा मात्र ती काढतो, वहीत चिकटवतो आणि खाली तारीख घालतो. कूलर काळ्या रंगाचा, त्यासाठी चार पैसे जास्त मोजलेले. डब्याला काच नाही, हा भाग निराळा.

मग चाचणी. तिच्यासाठी प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम लावतात. मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी जगभरचे हौशी लोक १९९६ पासून तो चालवत आले आहेत. याला मूळसंख्यांत काडीचा रस नाही. प्रोसेसरला एवढं राबवणारं दुसरं काही घरात नाही म्हणून तो लावायचा. अर्ध्या मिनिटात तापमान ९५ वर जाऊन बसतं. ९५ झाले की हा प्रोसेसर स्वतःच वेग आवरता घेतो. त्याने बिघडत काही नाही, कंपनीने तो तसाच बनवला आहे. पण आवरता वेग घेऊन ओव्हरक्लॉकर म्हणून चारचौघांत फिरता येत नाही.

इथे पुण्याचा उन्हाळाही हात धुऊन मागे लागतो. कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. ज्या कूलरवर प्रोसेसर खोलीपेक्षा ६० अंश गरम राहतो, तो २२ अंशांच्या खोलीत ८२ दाखवतो आणि परीक्षक खूश होतात. मे महिन्यात खोली ३८ वर असते. ३८ आणि ६० किती होतात हे मुलगासुद्धा सांगतो. म्हणून मिलिमीटरवाल्याचे सगळे विक्रम जानेवारीतले, पहाटे पाचचे, खिडक्या सताड उघड्या टाकून केलेले असतात. घरातले मफलर गुंडाळून बसतात आणि हा आकडे उतरवून घेतो. तेच आकडे मग वर्षभर सांगतो, महिना न सांगता.

शेवटी एका रविवारी तो कागद-पेन्सिल घेऊन बसतो. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग ५ टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवावं लागलं, तर १.०५ गुणिले १.२१, म्हणजे उष्णता २७ टक्के जास्त. उलट केलं, वेग ५ टक्के आणि व्होल्टेज १० टक्के उतरवलं, तर उष्णता २३ टक्के कमी. त्याच्या रायझन ५ ७६००एक्सला नावापुरते १०५ वॉट असले तरी १४२ वॉटपर्यंत ओढायची मुभा आहे. इको मोड लावला की तो ८८ वर येतो. मिलिमीटरवाला दार लोटून घेतो आणि इको मोड लावतो. व्होल्टेजही जरा खाली आणतो. तापमान उतरतं, पंखा गप्प होतो, वेगात पडलेला फरक घड्याळ लावूनच कळतो. जन्मभर वेग वाढवायला निघालेला माणूस वेग कमी करून पहिल्यांदा समाधानाने चहा पितो. मित्रांना मात्र "थोडं ट्यूनिंग केलं" एवढंच सांगतो.

खालच्या मजल्यावरचा बारावी झालेला मुलगा एकदा त्याच्याकडे सल्ल्याला आला. आता याला दोन तास सुटका नाही, असं बायकोला वाटलं. पण गृहस्थ नीट, थोडक्यात बोलला. "मोठं कॅबिनेट घे, पुढून जाळी असलेलं. १६० मिमीपर्यंत कूलर मावायला हवा. त्यात १२० च्या पंख्याचा साधा टॉवर कूलर लाव. स्वस्तात पडतो, आवाज करत नाही, उन्हाळ्यातही त्रास देत नाही. आणि ओव्हरक्लॉकिंगच्या नादी लागू नकोस."

मुलाने टेबलावरच्या त्या इवल्याशा डब्याकडे बघितलं. "मग काका, तुमचं का नाही तसं?"

"होतं ना. दुपारी जोडायला घेतलं, चहापर्यंत झालं. संध्याकाळी काय करायचं तेच सुचेना."