डोकं ठिकाणावर नाही

भाचीनं स्वतःचा फोटो बनवला. खुर्चीत ताठ बसलेली ती, मांडीवर दोन्ही हात, आणि मानेच्या वर चेहराच नाही. डोक्याच्या जागी निळ्या लोकरीचा गुंता. त्यातून एक धागा सुटून खाली मांडीपर्यंत येतो. चार रात्री जागून कॉम्प्युटरवर केलेलं काम. ताईनं ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हिचं डोकं ठिकाणावर आहे ना रे?"

ताई, तू आत्ता काय बोललीस ते ऐक. डोकं ठिकाणावर नाही, म्हणजे धड इथे आणि डोकं भलतीकडे. लेकीनं दुसरं काय दाखवलंय? तू बोललीस, तिनं फोटोत केलं.

मराठी माणसाला असली चित्रं कळत नाहीत, हे मला पटतच नाही. आपले हातपाय गळतात. काळजाचं पाणी होतं. तळपायाची आग मस्तकात जाते, जीव टांगणीला लागतो. आपण डोळ्यांत प्राण आणून वाट बघतो आणि जिवाचा कान करून ऐकतो. जिवाचा कान! क्षणभर हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मनात जे घडतं ते आपली भाषा शरीरावर दाखवते, आणि तेही रोज, भाजी निवडता निवडता. मग तीच गोष्ट फोटोत दिसली की आपण दचकतो का?

दचकतो, कारण फोटो म्हणजे पुरावा, असं आपण धरून चाललोय. आधार कार्डावर असतो तो फोटो. त्यात गडबड दिसली की माणसातच गडबड आहे, असं वाटतं. मग लगेच निदान. डोकं गायब? नैराश्य. तोंड शिवलेलं? घरात मुस्कटदाबी. अंगाला तडे? मार खाल्लाय. स्वप्नात अमुक दिसलं की तमुक फळ, तसा हा कोष्टकाचा कारभार. आणि हे सांगायला चित्राकडे दोन सेकंदही बघावं लागत नाही.

बेल्जियमचा चित्रकार रेने माग्रितच्या वाट्याला हेच आलं. 1928 साली त्यानं 'द लव्हर्स' रंगवलं. दोन माणसं चुंबन घेताहेत आणि दोघांचीही तोंडं पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. त्याच्या आईनं 1912 मध्ये नदीत जीव दिला होता, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तिचं प्रेत सापडलं तेव्हा तोंडावर कपडा होता, असं सांगितलं जायचं. झालं! कापड म्हणजे आई, विषय संपला. माग्रितला हा अर्थ रुचत नव्हता आणि मला त्याचं पटतं. एकदा आई सापडली की त्या दोन ओठांमधलं कापड कुणी बघत नाही. इतकी जवळ आलेली दोन माणसं आणि तरी एकमेकांना न लागलेली. हे समजायला माग्रितच्या घरात डोकावायची गरज नाही, स्वतःच्या घरात बघितलं तरी पुरे.

आणि असली चित्रं म्हणजे फोटोशॉपची करामत, असंही कुणी समजू नये. फोटोशॉप बाजारात आलं 1990 साली. त्याच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेतले छायाचित्रकार जेरी युल्समन (1934–2022) डार्करूममध्ये एन्लार्जरांची रांग लावून, एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली नेत वेगवेगळ्या निगेटिव्ह त्यावर जुळवत होते. पडद्यावरचे लेयर आज तेच काम करतात. अवजार बदललं, सांधा तोच. अशा चित्राचा अर्थ शोधायचा तो या सांध्यात. काय कशाला जोडलंय? काय काढून टाकलंय? उजेड कुठून येतोय?

चित्रकार विवान सुंदरम यांची 2001 पासूनची 'री-टेक ऑफ अमृता' ही चित्रमालिका या तीन प्रश्नांनी बघा. चित्रकार अमृता शेर-गिल ही त्यांची मावशी. ती 1941 मध्ये लाहोरमध्ये वारली, अवघ्या 28 व्या वर्षी. विवान जन्मले 1943 मध्ये. म्हणजे मावशी-भाचा एकमेकांना कधी दिसलेच नाहीत. हाती होते ते आजोबांनी, उमराव सिंग शेर-गिल यांनी काढलेले फोटो. हे आजोबा घरच्यांचे फोटो काढायचे तसे स्वतःचेही काढायचे, उघड्या अंगानं योगासनं करतानाचेसुद्धा. नातवानं ते कॉम्प्युटरवर घेतले आणि वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या घरांतली माणसं एका खोलीत आणून बसवली. बाप आणि लेक आरशांतून एकमेकांसमोर येतात. एकीकडे बापाचं कमावलेलं अंग, दुसरीकडे लेकीची रोखलेली नजर. आयुष्यानं जे एकत्र आणलं नाही, ते नातवानं जोडलं. हा आजार नाही. ही ओढ आहे.

ती ओढ मी घरीच पाहिलीय. गावी माजघरात आजी-आजोबांचा जोडफोटो आहे. दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता. आजोबा गेल्यावर तालुक्याच्या स्टुडिओवाल्यानं दोन फोटोंचा एक करून दिला, वर पेन्सिलीनं टचिंग केलं. आजोबांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून, आजीच्या उजवीकडून. तिचा खांदा तिचा नव्हेच, पदर ब्रशनं काढलेला. लहानपणी मला ती चूक वाटायची. आज वाटतं, सगळी गोष्ट त्या दोन उजेडांत आहे. चारचौघांत शेजारी बसायची मुभाच नसलेलं ते जोडपं. दोघांचा ऊन-सावलीचा हिशेबही वेगळा राहिला. तरी आजी रोज पदरानं ती काच पुसायची. तिला कुणी विचारलं नाही, की तुझं डोकं ठिकाणावर आहे ना.

म्हणून सांगतो, पोराबाळांनी असलं काही करून दाखवलं तर आधी नीट बघा. काळजी वाटली तर जरूर विचारा, पण पोरीला विचारा, शेजारी बसून विचारा. चित्रावरून रोग ठरवू नका. चित्र म्हणजे रक्ताचा रिपोर्ट नव्हे.

ताईला मी फोटो मोठा करून दाखवला. म्हटलं, अर्थ राहू दे, धाग्यावर बोट ठेव आणि खाली ये. तिचं बोट गुंत्यातून निघालं, गळ्यावरून, ओढणीवरून मांडीपर्यंत आलं. तिथे दोन हातांच्या ओंजळीत, पहिल्यांदा तिच्या नजरेतून सुटलेला, लोकरीचा घट्ट गुंडा होता. पोरीचं डोकं उसवत नव्हतं. ती ते स्वतः गुंडाळत होती.

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ही लोकर माझी आहे. हिच्या वेळी स्वेटर घातला होता विणायला, अर्धाच राहिला."

भाची दारातच उभी होती. म्हणाली, "तोच उसवला, आई."