ओल आढळून आली नाही

(पेण व रोहा येथे सरकारी निवासस्थानात राहायला येणाऱ्या बंधुभगिनींसाठी सुलभ मार्गदर्शिका)

प्रस्तुत लेखकाने तीन पावसाळे पेणला आणि तीन रोह्याला खात्याच्या वसाहतीत काढले आहेत. कुठल्या खात्याच्या, ते विचारू नये. नोकरी अजून शिल्लक आहे.

१. घराचा ताबा मे महिन्यात घेऊ नये

हे आपल्या हातात नाही, तरी सांगून ठेवतो. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. त्यामुळे किल्ली हातात पडते तेव्हा भिंती पेणच्या पापडासारख्या खडखडीत वाळलेल्या असतात. आपण खुशीत ‘निवासस्थान सुस्थितीत मिळाले’ असं लिहून सही ठोकतो. मग मृग लागतो, आठ दिवसांत भिंतीला घाम फुटतो आणि डब्यातले पापड सादळतात. आता तक्रार करायची तर ती आपल्याच सहीविरुद्ध.

२. ओलीची जात ओळखावी

पहिली खालून चढते. समईच्या वातीत तेल चढावं तशी जोत्यातून विटांत शिरते आणि साधारण कमरेपर्यंत येऊन थांबते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. पेणला खाडी आणि मिठागरं जवळच, म्हणून हे मीठ आपल्या आमटीत चालेल का, असा प्रश्न पडतो. आमच्या धाकट्याने बोट लावून चाखलं होतं. चालत नाही.

दुसरी वरून उतरते. स्लॅबमध्ये पाणी मुरलं की आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की खालचं काँक्रीट ढकलून देते. रोह्याला एका रविवारी हे शास्त्र थेट माझ्या ताटात, वरणभातावर उतरलं. तूप वाढायचं राहिलंच होतं.

तिसरी आपण स्वतः करतो. झडीचा पाऊस म्हणून खिडक्या बंद, घरात दोरीवर ओले कपडे, चुलीवर भाताची वाफ. ती वाफ गार भिंतीवर जाऊन बसते आणि कपाटामागे काळे ठिपके उमटतात. तपासणीला आलेला साहेब पहिल्या दोन जाती मानत नाही. तो दोरीवरच्या बनियनकडे बघतो आणि म्हणतो, “कपडे घरात वाळवता ना? मग!”

३. कलेची दृष्टी ठेवावी

पेणच्या मुक्कामात जुलैमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीवर सोंड दिसू लागली. श्रावणात सुपाएवढे कान फुटले. शेजारच्या काकू चहाची साखर मागायला आल्या, भिंतीकडे बघून म्हणाल्या, “आखणी तेवढी राहिलीय.” मूर्तीचे डोळे रंगवण्याला आमच्या पेणला आखणी म्हणतात. काकूंचं माहेर पेणजवळच्या हमरापूरचं, म्हणजे गणपतींच्या कारखान्यांच्या गावचं, त्यामुळे अधिकारवाणीच. पावसात शाडू लवकर वाळत नाही, म्हणून तिथले कारखानदार कित्येक महिने आधीपासून कामाला लागतात. पावसाआधी कामाला लागण्याचं हे गणित ज्या खात्याला कळत नाही, त्याच्याबद्दल पुढचं कलम.

४. तक्रार करताना पंचांग जवळ ठेवावे

ओल दिसते आषाढात. अर्ज तेव्हाच करावा, तीन प्रतींत. साहेब पूरस्थितीच्या ड्यूटीवर असतात, कारण रोह्याची कुंडलिका नदी दुथडी वाहत असते. दसऱ्याच्या सुमारास रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा अर्ज ‘उचित कार्यवाहीस्तव’ पुढे सरकतो. दिवाळीनंतर अंदाजपत्रक होतं. निधी येतो फेब्रुवारीत आणि मार्चअखेर तो खर्च व्हायलाच हवा. मग मार्चच्या रणरणत्या उन्हात माणूस शिडी घेऊन येतो, भिंतीवर तळहात फिरवतो आणि वहीत लिहितो: ‘ओल आढळून आली नाही.’ त्यात खोटं काही नसतं. तरीही निधी परत जाऊ नये म्हणून तो एक हात रंग मारून जातो. सरकारचं वर्ष आणि पावसाचं वर्ष एकाच गावात राहतात, पण दोघांची गाठ म्हणून पडत नाही.

५. कायद्याचा अभ्यास करावा, आधार धरू नये

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४: घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने नोटीस द्यावी, पंधरा दिवस वाट पाहावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाची. हे वाचून मी उभ्या उभ्या नोटीस लिहायला घेतली होती. मग कलम ३ वाचलं. सरकारच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. कागद वाया जाऊ नये म्हणून मागच्या बाजूला वाणसामानाची यादी केली.

इथे थोडं थट्टा सोडून. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला. घर भाड्याचं, सामाजिक गृहसंस्थेचं. आईबापांनी तक्रारी केल्या होत्या. संस्थेने बोट दाखवलं ते त्यांच्याच राहणीकडे. तिकडची बनियनची दोरी. आता त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे: तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल, गंभीर ओल-बुरशी असेल तर कामाच्या दहा दिवसांत तपासणी. तो कायदा सुरू होतो नेमका सामाजिक भाड्याच्या घरांपासून; आमच्या कायद्याने सरकारी घरं दाराबाहेर ठेवली आहेत.

६. तोवर घरच्या घरी

कपाट, पलंग भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावं. शिजवताना खिडकी उघडावी, पाऊस आत आला तरी. बुरशी कोरड्या केरसुणीने झाडू नये, तिचं बी घरभर उडतं. नाकाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारू नये, पुरीसारखा फुगतो. आमच्या आधीच्या सगळ्यांनी मारला होता. रोह्याला एक पोपडा पडला तेव्हा आत अनुक्रमे गुलाबी, पिस्ता, आकाशी आणि चुना निघाला. दर तीन वर्षांनी एक बिऱ्हाड, दर बिऱ्हाडाचा एक रंग. भाडेकरू बदलीवर, साहेब बदलीवर. वसाहतीत कायम नेमणूक एकट्या ओलीची.

७. घर सोडताना

गेल्या मे महिन्यात माझी बदली झाली. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तर मागे काहीच नव्हतं. उन्हाने सगळं पुसलेलं. नवे गृहस्थ सहकुटुंब घर बघायला आले. वहिनींनी भिंतीवरून हात फिरवला. “किती कोरडं आहे हो घर,” त्या म्हणाल्या. सांगावं असं मनात आलं. पण पावतीवर ‘निवासस्थान सुस्थितीत परत केले’ अशी माझी सही झाली होती, आणि खाली त्यांच्या सहीची जागा रिकामी होती.

मी पेन पुढे केलं.