पीएस-फोर थकल्यावर करावयाचे विधी

सर्वांत आधी, घरात कोणालाही सांगू नका. ‘नवा घ्यावा का?’ हा प्रश्न एकदा जेवणाच्या ताटापाशी आला, की तो तुमचा राहत नाही. मुलाला तो होकार वाटतो. बायकोला ती नव्या फ्रिजच्या रांगेत झालेली घुसखोरी वाटते. आईला वाटतं, जुना बिघडला आणि तो आपल्याच हातून बिघडला. तेव्हा निदान आठ दिवस हा विचार लोणच्यासारखा झाकून ठेवावा, अधूनमधून फक्त बरणी हलवावी.

हे मार्गदर्शन संसारी माणसासाठी आहे. जानेवारी २०१४ मध्ये पीएस-फोर हा गेम खेळायचा प्लेस्टेशन भारतात आला तेव्हा ज्याने ३९,९९० रुपये बेधडक मोजले, कोणाला विचारलं नाही कारण विचारायला कोणी नव्हतं, आणि आज ज्याला चप्पल घेतानाही दुकानातून घरी फोन करावा लागतो, असा माणूस डोळ्यांसमोर आहे. एकट्या जिवांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांनी दुकानात जावं.

निदान

यंत्राचं वय कानांनी ओळखायचं असतं. सुरुवातीला पंखा नुसता घोंगावतो, तेवढं चालतं. पुढे तो सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या मोटारीच्या सुरात येतो आणि पडद्यावरची माणसं काय बोलताहेत ते कळायला खालची अक्षरं वाचावी लागतात. त्यानंतर एका रविवारी आई आतल्या खोलीतून ओरडते, ‘‘अरे, कुकर बंद करा कुणीतरी.’’ कुकर लावलेलाच नसतो. निदान पक्कं झालं.

पण आवाज आला म्हणजे यंत्र संपलं असं नाही, आणि इथेच पुष्कळ लोक घाई करतात. आतली मुख्य चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एका पेस्टचा पातळ थर असतो. काही वर्षांत तो वाळतो, भेगाळतो, दिवाळीच्या किल्ल्याची माती तुळशीच्या लग्नापर्यंत जशी होते तसा. उष्णता बाहेर पडेना झाली की पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागतो. त्यात धूळ. आणि मराठी घरात या दोहोंच्या जोडीला आणखी एक कारण असतं, ज्याचा उल्लेख कुठल्याच माहितीपुस्तिकेत सापडणार नाही: क्रोशाचा रुमाल. टीव्हीवर होता तोवर त्याने कोणाचं वाईट केलं नाही. टीव्ही भिंतीला चिकटला, रुमाल बेघर झाला, आणि सपाट जागा दिसेल तिथे जाऊन बसला. तो काढा असं आईला सांगण्यापेक्षा नवा पीएस-फाइव्ह घेणं सोपं, हे मी अनुभवाने सांगतो.

तरीही एकदा दुरुस्तीला नेण्याची पद्धत आहे. पुण्यात असाल तर तापकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. यंत्र मांडीवर घेऊन रिक्षात, मुंबईत लोकलमध्ये, बसावं. लोक जागा देतात. दुरुस्ती करणारा झाकण उघडतो आणि काही बोलत नाही. तो एकेक वस्तू चिमट्याने काढून वर्तमानपत्रावर ठेवतो. धुळीची गादी. तांदळाचे पाच-सहा दाणे, पिवळे. झेंडूची वाळलेली पाकळी. मग तुम्हाला आठवतं, खंडेनवमीला घरातल्या सगळ्या आयुधांबरोबर यालाही तुम्हीच हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या, मिक्सर आणि स्कूटरच्या मध्ये. शेवटी तो एक झुरळ काढतो आणि तुमच्याकडे पाहतो. लाजू नका. पीएस-फोरचा वीजपुरवठ्याचा भाग पोटातच असतो, त्यामुळे आत कायम ऊब, आणि फटीही ऐसपैस. दुरुस्तीवाल्यांच्या जगात हे जुनं गुपित आहे. आमच्या झुरळाने निदान संसार थाटला नव्हता.

नवी पेस्ट लागली, धूळ गेली, की यंत्र घरी येऊन पाळण्यातल्या बाळासारखं शांत चालतं. ही फार धोक्याची अवस्था. नवं घेण्याचं एकमेव सांगता येण्याजोगं कारण तुम्ही स्वतः रिक्षाचे पैसे देऊन मिटवून आलेले असता.

आता दुसरं कारण शोधावं लागतं.

कारणं

आकड्यांपासून सुरुवात करू नये. जुन्याच्या १.८४ टेराफ्लॉप्ससमोर नव्याचे १०.२८, हे वाक्य कितीही भारदस्त असलं, तरी ‘‘टेराफ्लॉप म्हणजे रे काय?’’ असं विचारणारं कोणी घरात नाही याची खात्री असल्याशिवाय उच्चारू नये. सांगण्यासारखा फरक एकच आहे, वेगाचा. जुन्यात फिरती हार्ड डिस्क, मिनिटाला ५,४०० फेऱ्या. नव्यात फिरणारं काहीच नाही. २०१९ साली, यंत्र बाजारात यायच्या बरंच आधी, त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी एका पत्रकाराला स्पायडरमॅनचा गेम दाखवला होता. शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला झटक्यात जाण्याची त्यात सोय आहे. त्या झटक्याला पीएस-फोर प्रोवर १५ सेकंद लागले, नव्या यंत्राच्या नमुन्यावर ०.८. ही गोष्ट ऐकणाऱ्याला पटते. मलाही पटली होती.

मात्र या १५ सेकंदांत काय चालतं ते आधी नीट पाहून घ्या.

२०१८ च्या त्या गेममध्ये पुढचा भाग तयार होईपर्यंत रिकामा पडदा दाखवत नाहीत. स्पायडरमॅन न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेला दाखवतात, मुखवट्यासकट, चारचौघांत. आमच्या आईने तीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी केलं आहे. बाकी गेममध्ये तिला काडीचा रस नाही. मारामारी सुरू झाली की ती मेथीत मान घालते. पण पोराने नकाशा उघडला की तिचा हात थांबतो. ‘‘निघाला का? बसायला मिळालं वाटतं आज.’’ एकदा तो कडेला बसलेला दिसला, तर म्हणाली, ‘‘चौथी सीट. पाठ धरेल त्याची.’’ मग आजी-नातवात चौथी सीट म्हणजे काय, डब्यात भाजी कशी निवडायची, कुठल्या लोकलला कोण भांडायचं, हे सगळं व्हायचं, त्याच १५ सेकंदांत, आणि आमचा पंखा तापलेला असला तर २५ मध्ये. पुढची लोकल लागेपर्यंत राहिलेली गोष्ट राहायची. हार्ड डिस्क काढून तिथे अडीच इंची एसएसडी बसवता येते, वेळ कमी होतो, हे मला ठाऊक होतं. मी ते घरात बोललो नाही.

जीटीए सिक्स हे कारण सध्या जोरात आहे. तो गेम जुन्या यंत्रासाठी जाहीर झालेलाच नाही, त्यामुळे युक्तिवाद बिनतोड. फक्त त्याची पहिली झलक आली डिसेंबर २०२३ मध्ये, गेम येणार होता २०२५ मध्ये, मग तारीख गेली मे २०२६ वर, मग नोव्हेंबरवर. ज्यांना निर्णय टाळायचा आहे पण टाळतोय असं दिसू द्यायचं नाही, त्यांनी हे कारण जरूर वापरावं.

आणि ‘नवे गेम मिळतील’ असं मोघम बोलू नये. मुलाने यादी मागितली तर पंचाईत होते. ‘द लास्ट ऑफ अस’ २०१३ मध्ये पीएस-थ्रीवर आला, २०१४ मध्ये पीएस-फोरवर, २०२२ मध्ये पीएस-फाइव्हवर. गोष्ट तीच. आपल्याकडे जुनी नाटकं ‘नव्या संचात’ येतात आणि आपण पुन्हा तिकीट काढतो, त्यातलाच प्रकार. नाटकात निदान मध्यंतरात बटाटेवडा मिळतो.

हिशेब

मुलाची जुनी वही घ्यावी, मागची पानं कोरी असलेली. रविवारचे दोन तास धरा. वर्षाचे ५२ रविवार, म्हणजे १०४ तास. त्यातून लग्नं, वास्तुशांती, पाहुणे, घटक चाचण्या आणि ‘आज जरा पंखे पुसू या’ असे रविवार वजा करा. ४० तास उरले तर नशीब. यंत्र सात वर्षं धरलं तर २८० तास. नव्याची तेव्हाची किंमत ५४,९९० भागिले २८० म्हणजे तासाला १९६ रुपये. मल्टिप्लेक्समध्ये एवढ्यात पॉपकॉर्नसुद्धा येत नाहीत, हे वाक्य नेमकं इथे टाकायचं.

मी टाकलं. बायकोने वही स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, ‘‘मग जुन्याचा दर काढ की. तो तर दर तासाला उतरतोय. हल्ली फुकटच पडत असेल.’’ या वाक्याला उत्तर नाही. शोधत बसू नये, चहा ठेवायला उठावं.

‘थांबलं की स्वस्त होतं’ ही मध्यमवर्गाची श्रद्धा इथे लागू पडत नाही, हेही नोंदवून ठेवतो. पीएस-फाइव्ह भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. त्याआधीची जानेवारीतली नोंदणी तत्काळच्या तिकिटासारखी काही मिनिटांत संपली. ज्यांना मिळाला नाही ते म्हणाले, बरं झालं, वर्षा-दोन वर्षांत उतरेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ५४,९९० झाला. थांबणाऱ्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली, आणि मी त्या रांगेत पुढेच होतो.

बिनडिस्कचा घेतला तर पैसे वाचतात, असं मुलगा सुचवेल. कपाट उघडून दाखवा. जुन्या डिस्क नव्या यंत्रावर जवळजवळ सगळ्या चालतात, पण त्या घालायला खाच तर हवी. मुळात गेम सगळा आतच उतरवून घ्यावा लागतो आणि खेळताना डिस्क नुसती पुरावा म्हणून आत बसून राहते, रेशनकार्डासारखी. पण रेशनकार्ड कोणी फेकतं का? डिस्क भाच्याला देता येते, दोन वर्षांनी ओरखड्यांसकट परत मागता येते. डाउनलोड केलेल्या गेमवरून कुठल्याही घरात भाऊबंदकी झालेली मी ऐकलेली नाही.

खर्चाच्या यादीत पुढचं लिहायला विसरू नका. खोक्यात कंट्रोलर एकच येतो; जुना जोडता येतो, पण त्याने फक्त जुनेच गेम खेळता येतात. नवा दुसरा, सुरुवातीच्या भावाने, ५,९९० रुपये. टीव्ही बत्तीस इंची असेल तर नव्याचं फोर-के चित्र त्यावर म्हणजे पैठणी घडीतच ठेवून मिरवण्यासारखं. तेव्हा टीव्हीचा विषय निघेल, आणि टीव्हीचा निघाला की फ्रिजचा निघालाच. शिवाय माप घ्या. पहिला पीएस-फाइव्ह उभा ३९ सेंटिमीटर, खोली २६, वजन साडेचार किलो. आमचं शोकेस सुताराने व्हीसीडी प्लेअर डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे. शेवटी एकच जागा उरली, देवघराशेजारची, आणि तिथे तो समईपेक्षा उंच दिसेल म्हणून आईने हरकत घेतली. पुढे बारीक मॉडेल आलं, तेव्हा हरकत मागे घेण्यात आली.

मुहूर्त

साडेतीन मुहूर्तांपैकी दसरा टाळावा. आदल्याच दिवशी ज्याची पूजा केली त्याला दुसऱ्या दिवशी खाली उतरवणं बरं दिसत नाही. पाडवा उत्तम, गोडधोड खाल्लेलं असतं, विरोध मंद असतो.

आम्ही पाडव्याला आणला. जोडला. पहिला पाऊण तास त्याने स्वतःलाच अद्ययावत करण्यात घालवला, आणि तेवढ्यात पानं वाढून झाली. जुना भाच्याला द्यावा असं ठरलं होतं, पण भाच्याने तो कोणता फोर, साधा की प्रो, असं विचारल्यावर माझा जीव झाला नाही. पुसून, मूळ खोक्यात घालून, माळ्यावर ठेवला. खोका अर्थातच जपलेला होता. क्रोशाचा रुमाल नव्यावर गेला.

पुढच्या रविवारी मुलाने स्पायडरमॅन लावला. त्याची नव्या यंत्रासाठी घासूनपुसून काढलेली आवृत्ती, जी पुन्हा पैसे देऊन घ्यावी लागते आणि जिचा उल्लेख मी वहीत केला नव्हता. आई शेंगा सोलायला बसली. मुलाने नकाशा उघडला. चायनाटाउनमधला स्पायडरमॅन डोळ्याचं पातं लवायच्या आत हार्लेममध्ये. पुन्हा नकाशा. हार्लेमहून सेंट्रल पार्क. आईचा हात दोन्ही वेळा थांबला.

‘‘काय रे,’’ ती म्हणाली, ‘‘आज याची लोकल बंद आहे का?’’

तेव्हा जुना माळ्यावर टाकताना खोका मागे ढकलू नये. त्याच्यापुढे पाहुण्यांच्या गाद्या तर मुळीच रचू नयेत, आणि शिडी धरायला घरात कोणीतरी आहे असा रविवार बघून ठेवावा.