लिंबू चाकाखालीच बरं

"परत बंद पडली!"

शेजारच्या मामींनी कॉफीचा डबरा मधल्या भिंतीवर असा आपटला की अर्धी कॉफी मी निवडायला आणलेल्या शेवग्याच्या शेंगांवर. कुठे बंद पडली, हे मी विचारलं खरं, पण केवळ रीत म्हणून. त्यांच्या नातवाची नवी गाडी कुठे बंद पडते ते आता आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. कुंभकोणमच्या महामहम तळ्यापासून स्वामीमलैच्या मुरुगनच्या देवळापर्यंत वाऱ्यासारखी जाते. परतताना इंजीन तापलं की अर्ध्या वाटेत एक हुंदका देते आणि गप्प. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

"मुरुगन जाताना सोबत असतो," मामी म्हणाल्या, "येताना देवळातच राहतो."

मामींचं मराठी ऐकायला तुम्ही इथे यायला हवं. हे तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांच्या मागून सतराव्या शतकात जी माणसं इकडे आली, त्यांच्याबरोबर आलेलं आणि मग तमिळच्या शेजाराला राहून वेगळंच पिकलेलं. गावातले तमिळ लोक या मंडळींना रायर म्हणतात. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली याच कुंभकोणमात जन्मले. इथला प्रत्येक रायर त्यांच्याशी आपलं काही ना काही नातं काढतो, आमचे मामाही काढतात. मी नवऱ्याच्या बदलीमुळे साताऱ्याहून आलेली. माझं मराठी मामींना टीव्हीतलं वाटतं, त्यांचं मला बखरीतलं. पण गाडीला शिव्या देताना दोघींचं एकमत होतं.

गाडी दसऱ्याला आली. नातवाची पहिली नोकरी, पहिला पगार, पहिला हप्ता. इथे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडत पुढे जायचं असतं. आमच्याकडे आपण लिंबू-मिरची टांगतो, इथे सरळ चिरडतात, हेतू एकच. मामींनी आपल्या झाडाची दोन टपोरी लिंबं काढली, हळदकुंकू लावलं, पुढच्या-मागच्या चाकाखाली ठेवली. पोरानं गाडी पुढे घेतली, दोन्ही लिंबं फुटली, रस सगळा रांगोळीत. मीही पेढे खाल्ले.

पाच महिन्यांत गाडीच्या शोरूमला सात फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा म्हणाले प्लगमध्ये कचरा. दुसऱ्यांदा, तुमच्या पंपाचं पेट्रोल वाईट. तिसऱ्यांदा, पोरगा क्लच धरून चालवतो. चौथ्यांदा कॉम्प्युटर जोडून काहीतरी नवं भरलं. पाचव्यांदा सेन्सर बदलला. सहाव्यांदा पुन्हा प्लग! दर वेळी एकच वाक्य, "सरी पण्णियाच्चु मामा." म्हणजे, दुरुस्त केली. आणि दर वेळी कॉफी.

या कॉफीबद्दल मला जरा बोलायचंय. कुंभकोणमची डिग्री कॉफी, पितळी डबरा-टंबलर, वर हातभर फेस. तिच्यापुढे माणूस भांडू शकत नाही. शोरूमच्या मालकाचे वडील मामांच्या वर्गात होते. मामा गेले की खुर्ची, पंखा, कॉफी, म्हातारपणाच्या चौकशा. जॉबकार्ड मात्र नाही. "घरच्या माणसाला कागद कसला?" असं म्हणायचे. सात फेऱ्यांपैकी चार फेऱ्यांचा कुठे एक चिठोराही नाही. उरलेल्या तीन वेळा कागद झाला, आणि त्या तिन्ही कागदांवर पोरानं खाली, बारीक अक्षरातलं न वाचता, सही ठोकली: काम समाधानकारक.

जुन्या मद्रासेत म्हणे ‘कुंभकोणम करणे’ म्हणजे गंडवणे असा वाक्प्रचार होता. मामांना हे आवडत नाही, म्हणून मी ते भिंतीपलीकडे बोलत नाही. इथे लिहिते.

तर गाडी परत बंद पडली त्या दिवशी सिंगापूरहून मामींच्या भाच्याचा फोन आला. इथल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी सिंगापूरला असतंच. भाचा म्हणाला, "मामी, तुम्ही लेमन विकत घेतलंय."

"विकत कशाला? माझ्या झाडाची होती!"

मग त्यानं समजावलं आणि मामींनी मला समजावलं, तेव्हा निम्मं गळलेलं होतं. मूळ गोष्ट अशी. इंग्रजीत जी वस्तू नवी असूनही सारखी बिघडते तिला लिंबू म्हणतात. अमेरिकेत कनेटिकट राज्यानं १९८२ साली अशा गाड्यांसाठी पहिला कायदा केला. एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस कारखान्यात पडून राहिली, तर ती लिंबू धरायची. सिंगापूरनं १ सप्टेंबर २०१२ पासून असा कायदा आणला. त्यातली गंमत म्हणजे सहा महिन्यांच्या आत दोष निघाला, तर तो गाडी हातात आली तेव्हाच होता असं मानतात. नव्हता, हे सिद्ध करायचं ओझं विकणाऱ्यावर.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"आपल्याकडे ओझं आपल्यावर," मागून मामा म्हणाले. ते धोतर वाळत घालत होते आणि आपण ऐकत नाही असं दाखवत होते.

आता मामांची गंमत सांगते. हा माणूस तालुका कचेरीत तीस वर्षं कारकून होता. निम्म्या गल्लीचे पेन्शनचे, जमिनीचे, विजेच्या मीटरचे अर्ज यांनी लिहिलेत. माझ्या नवऱ्याचा विम्याचा दावा यांच्या एका पत्रानं निघाला. पण स्वतःच्या नातवाच्या गाडीबद्दल एक ओळ नाही! "मित्राच्या मुलावर केस करू?" एवढंच. लाजरेपणासारखा दुसरा वकील नाही, फक्त तो नेहमी समोरच्या पक्षाचा असतो. हे मी मामींना म्हटलं, मामींनी आत जाऊन मामांना ऐकवलं, त्यात आपल्या पदरची दोन वाक्यं घातली असणार. कारण संध्याकाळी मामा चष्मा लावून, वही घेऊन स्वतःच भिंतीशी आले.

त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच देते, कारण ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. भारतात लिंबू-कायदा असा वेगळा नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू. पूर्वी साधारणपणे विकणाऱ्याच्या गावी जाऊन तक्रार करावी लागे, आता आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. म्हणजे आपल्याला तंजावर. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क शून्य. मुदत, दोष उघड झाल्यापासून दोन वर्षं. आयोगाला दोष पटला तर दुरुस्ती, बदलून देणं, पैसे परत किंवा भरपाई, यांतलं काहीही सांगता येतं.

"मग नवी गाडीच मागा ना!" मामी.

"मागणार. मिळेलच असं नाही." मामांनी वहीचं पान उलटलं. २००६ साली सुप्रीम कोर्टानं एका मोटारीच्या प्रकरणात म्हटलंय, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल आणि भाग बदलून काम भागत असेल, तर अख्खी गाडी बदलून द्या असं फर्मावता येणार नाही. म्हणून भाग बदलूनही दोष तसाच राहिला, हे दाखवणं आलं. दाखवायचं कशानं? जॉबकार्डानं.

हे ऐकून भिंतीच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली.

दुसरं म्हणजे तपासणी. दोष नुसता बघून कळत नसेल तर आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेत पाठवतो, ४५ दिवसांत अहवाल मागतो. फी मात्र आधी आपण भरायची. तपासणी नको असेल तर निकाल तीन महिन्यांत लावायचा प्रयत्न करावा, हवी असेल तर पाच, असं कायदा म्हणतो. "कायदा म्हणतो," मामा पुन्हा म्हणाले आणि गप्प बसले. कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं ते गप्प बसणं होतं.

तिसरी गोष्ट त्यांनी गोव्याची सांगितली. तिथल्या एका गृहस्थाला २०११ साली नवी म्हणून गाडी विकली, ती निघाली २००९ ची. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०२१ साली कोर्टानं सांगितलं की विक्रेता स्वतंत्र धंदा करत असेल आणि त्याच्या करणीची कंपनीला माहिती नसेल, तर त्याचं पाप कंपनीच्या माथी मारता येत नाही. म्हणून मामांचं म्हणणं, तक्रारीत दोघांनाही प्रतिवादी करायचं, पण कोणाचं काय चुकलं ते वेगवेगळं लिहायचं. गाडी अशी बनली हे कंपनीचं, सात वेळा कॉफी पाजून परत पाठवली हे शोरूमचं.

"कॉफी लिहू नका," मामी म्हणाल्या. "बरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवसापासून घरात मोहीम सुरू. पोरानं गाडी बंद पडल्याचे फोनवर काढलेले व्हिडिओ शोधले. तीनमध्ये मीटरचा आकडा दिसत होता, एकात नुसताच रस्त्यावरचा बैल. शोरूमला गेलेल्या तारखा बँकेच्या संदेशांवरून आणि मामींच्या कॅलेंडरवरून लावल्या. मामी कॅलेंडरवर दूध आणि एकादशी लिहितात, त्यातच ‘गाडी दिली’, ‘गाडी आणली’ हेही लिहिलेलं निघालं. मला वाटतं, सात फेऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा तोच. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. कंपनीला ईमेल, शोरूमला पोचपावतीचं स्पीड पोस्ट, पंधरा दिवसांची मुदत.

आठव्या फेरीला मामा नातवाबरोबर गेले. कॉफी आली. मामांनी टंबलर बाजूला सरकवला आणि आधी जॉबकार्ड मागितलं. त्यावर मेकॅनिकनं ‘सर्वसाधारण तपासणी’ लिहिलं होतं, ते खोडायला लावून ‘तापल्यावर इंजीन बंद पडतं, आठव्यांदा’ असं लिहवून घेतलं. गाडी परत घेताना समाधानाच्या रकान्यात सहीच्या वर लिहिलं: दोष कायम. मालकाचा चेहरा पडला म्हणे. मामांचाही पडला असणार, पण ते मामींनी सांगितलं नाही. कॉफी त्यांनी नंतर प्यायली, गार.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही. आता ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते, आणि नातवानं ती केलीही. पण मामांचा विश्वास शिक्क्यावर. मासी मघमच्या उत्सवाची महामहम तळ्यावरची गर्दी ओसरल्यावर ते कागदांची छापील प्रत घेऊन बसनं तंजावरला गेले, चाळीसेक किलोमीटर, आणि पोचेचा शिक्का घेऊन आले. तो मला भिंतीवरून दाखवला. हात लावू दिला नाही.

तुमच्या घरी नवी गाडी यायची असेल तर लिंबू जरूर चिरडा, पण पहिल्या दिवसापासून कागद मागा, शोरूम सख्ख्या भावाचं असलं तरी. आमच्याकडची गाडी शेवग्याखाली उभी आहे. मीटरवर २,३१८. पोरगा बसनं जातो.