मानसेवी तलाठी नेमणे आहे

2025 च्या सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडे आभाळ फाटलं आणि आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोकसहभागाला ऊत आला. गुडघाभर पाणी घरात शिरल्यावर सहभागी होऊ की नको, असा प्रश्न कुणी विचारत बसत नाही. म्हाताऱ्यांना खांद्यावर घेणारी, दावी कापून जनावरं सोडणारी पोरं गावचीच होती. त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही, कारण रजिस्टर पाणी ओसरल्यावर येतं.

रजिस्टरासोबत तिघं येतात: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी. म्हणजे आपले तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. गेल्या दोन-तीन वर्षांत पदांची नावं बदलली, जिल्ह्याचंही बदललं. ढोरा नदीचं तेवढं राहिलं, म्हणून ती अजून जुन्याच वाटेनं शेतात शिरते.

तिघांकडे गावं फार, तेव्हा थोडा हातभार आपण लावायचा. पिकाची नोंद 2021 पासून आपणच मोबाइलवर करतो. ज्या बांधावर रेंज असेल तो बांध आपला. नुकसानीचे फोटो आपणच काढून ठेवायचे. शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसेल, तर ई-केवायसीसाठी सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहायचं आणि गाळ उपसून झिजलेला अंगठा यंत्राला पटेपर्यंत दाबत राहायचं.

एवढ्यावर सरकारनं हात आखडता घेतला, असं कुणी म्हणू नये. ऑक्टोबरात 31,628 कोटींचं पॅकेज आलं. कोरडवाहूला हेक्टरी 8,500 आणि वर रब्बीसाठी 10,000, म्हणजे गुंठ्याला साधारण 187 रुपये. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी 47,000 रोख आणि 3 लाखांपर्यंतचं काम रोजगार हमीतून. आपल्याच रानात आपणच हजेरी लावून माती भरायची. माती आणायची कुठून? तीही सोय आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 मध्ये आली. मूळ योजनेत धरणातला गाळ काढायच्या यंत्राचं डिझेल बाहेरून मिळायचं आणि वाहतूक शेतकऱ्याच्या खर्चानं. पुरानं हीच माती एका रात्रीत, ट्रॅक्टरशिवाय, धरणापर्यंत नेली होती.

पैशातही आपण मागे नाही. उसाच्या टनामागे 15 रुपये घ्यायचं ठरलं, त्यातले 5 पूरग्रस्तांसाठी. ओरड झाली तेव्हा मुख्यमंत्र्यांनी खुलासा केला, की हे शेतकऱ्याच्या बिलातून नाही, कारखान्याच्या नफ्यातून. सहकारी कारखान्याचा मालक सभासद असतो, हे प्रवरानगरच्या जिल्ह्यात नव्यानं सांगायला नको. तेव्हा पूरग्रस्त ऊसवाल्यानं स्वतःलाच मदत केली आणि स्वतःचेच आभार मानले. धाराशिवकडे निदान मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो तरी होते. इथं कुणाचा लावायचा?

म्हणून आमची मागणी एवढीच: सगळं काम शेतकरीच करतोय, तर त्याला मानसेवी तलाठी नेमा. मोबाइल, ट्रॅक्टर आणि अंगठा उमेदवाराचा स्वतःचा. मानधन नको. फक्त एक पंचनामा आमच्या हातानं करू द्या: ओढ्याचं पात्र अरुंद कुणी केलं, याचा.

आपला हिशेब आपणच मांडायचा अधिकार वापरणारं गाव जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पाऊस किती झाला ते बघून पिकं ठरवते. गावोगावचे कारभारी बस भरून तिथं जातात, झाडांपाशी फोटो काढतात. शेतीसाठी बोअर घ्यायला गावानंच बंदी घातलीय, हे कानावर पडलं की बस जरा लवकर निघते.

आमच्या अर्जाला उत्तर येईल तेही ठाऊक आहे: ग्रामसभेचा ठराव जोडा. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होईल. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला ठराव मांडला जाईल. सूचकाचे गाळे ओढ्याच्या या काठाला आहेत, अनुमोदकाचे त्या.