जोडगाडीचा हिशेब

वीस वर्षे डोंबिवलीला गाडीत बसून (हे क्रियापद येथे केवळ व्याकरणाच्या सोयीसाठी योजले आहे) बोरीबंदरास उतरणे, यापलीकडे ज्याने प्रवासाविषयी कधी काही चिंतन केले नाही, अशा मनुष्याच्या कचेरीचे बिऱ्हाड वरिष्ठांच्या एका हुकुमासरशी फोर्टातून उचलून मालाडास नेण्यात आले, म्हणजे त्याच्यावर कोणता प्रसंग गुदरतो, याची कल्पना एकाच गाडीवर नोकरी निभावलेल्या भाग्यवंतांना यावयाची नाही. एक गाडी उशिरा आली तर मनुष्य तितकाच उशिरा पोहोचतो. दुःख सरळ असते आणि त्याचे मोजमाप करता येते. दोन गाड्यांचा संबंध आला की मात्र सहा मिनिटांच्या उशिराची बावीस मिनिटे कधी झाली, हे सावकाराच्या व्याजासारखे कोणाच्याच ध्यानात येत नाही.

हुकूम हाती पडल्यावर वेळापत्रक पुढ्यात घेऊन मी एक ताळेबंद मांडला. डोंबिवलीहून 8.14 ची जलद, दादरला 9.04, पूल ओलांडावयास 4 मिनिटे, पलीकडून 9.11 ची बोरिवली, मालाडला 9.48, तेथून चालत दहा मिनिटे, आणि 10 च्या ठोक्याला मस्टरवर सही. दादरला 3 मिनिटे शिल्लक पडत होती, त्यांचे काय करावे हाच एक प्रश्न उरला होता, आणि त्या अवधीत चहा घ्यावा, अशी तजवीजही मी मनाशी करून ठेवली. आमच्या सौभाग्यवतींनी त्या कागदावर एकवार दृष्टी टाकली आणि म्हटले, “अहो, आदल्या गाडीने गेलात तर काय बिघडेल?” गणितात ज्यांना गती नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

पुलाची 4 मिनिटे मी अजमासाने धरली होती असे मात्र कोणी समजू नये. आदल्या रविवारी घड्याळ हातात घेऊन मी त्याची रंगीत तालीम केली होती. मेगाब्लॉकमुळे जलद गाडी त्या दिवशी धीम्या मार्गावरून आली, प्रत्येक स्थानकाची विचारपूस करीत आली, आणि दादरला पोहोचावयास सव्वा तास लागला. परंतु ती बाब अपवादात्मक म्हणून मी हिशेबातून वगळली. पूल मोकळा होता. साडेतीन मिनिटांत पलीकडे पोहोचलो, आणि उदारपणे अर्धे मिनिट वर धरले.

सोमवारी 8.14 कुर्ल्याच्या अलीकडे उभी राहिली. तेथे रुळांच्या कडेच्या एका भिंतीत पिंपळाचे रोप उगवलेले आहे. त्या दिवशी त्याला चार पाने होती; आज ते खिडकीच्या उंचीचे झाले आहे, आणि सिग्नलयंत्रणेच्या कृपेने त्याच्या वाढीचा सहा वर्षांचा साक्षीदार म्हणून माझी जबानी कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाने खुशाल घ्यावी. आमच्या डब्यातील एक वयोवृद्ध नाना माझी चुळबुळ पाहून म्हणाले, “गाडी लेट आहे असं म्हणू नये. पुढची गाडी वेळेआधी आली असं म्हणावं. जिवाला बरं असतं.”

सहा मिनिटे उशिराने दादर आले. पूल रविवारी होता त्याच जागी होता, पण त्यावर चालणे ही क्रिया उरलेली नव्हती. आपण उभे राहावयाचे आणि पाठीमागच्यांच्या मर्जीने पुढे सरकावयाचे. अर्ध्या जिन्यावर फुलबाजारातून झेंडूचे भले थोरले गाठोडे डोक्यावर घेतलेला एक मनुष्य समोरून वर चढत होता. तो वर येईना, आम्ही खाली जाईना. गाठोड्याच्या सुटलेल्या कोपऱ्यातून पाकळ्या मात्र संथपणे माझ्या खांद्यावर पडत होत्या. अकरा मिनिटांनी खाली उतरलो. 9.11 ची गाडी, माझ्या दुर्दैवाने, अगदी वेळेवर येऊन गेली होती. कचेरीत साहेबांनी माझ्या खांद्याकडे पाहिले आणि विचारले, “लग्नाहून परस्पर आलात वाटतं?” मस्टरवर तांबड्या शाईचा शेरा पडला. असे तीन शेरे जमले की अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा खर्ची पडते.

वस्तुतः जोडगाडी नावाची कोणतीही वस्तू रेल्वेच्या दप्तरी नाही. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास चारएकशे पाहुण्यांना घेऊन पहिली गाडी निघाली, तेव्हा त्या भाग्यवंतांपैकी एकालाही पुढे दुसरी गाडी धरावयाची नव्हती, कारण दुसरी गाडीच नव्हती. माझ्या मते या देशातील निर्वेध रेल्वेप्रवास तेवढाच. पुढे दादरास एका बाजूला ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि दुसऱ्या बाजूला बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया अशा दोन निरनिराळ्या कंपन्यांची दोन स्थानके शेजारी शेजारी उभी राहिली. 1951 साली दोघींची नावे बदलली, पण मने जुळली असे दिसत नाही. दोन्हीकडे एक नंबरचा फलाट असे, आणि डिसेंबर 2023 मध्ये एका बाजूच्या फलाटांना 8 पासून पुढचे आकडे देण्यात आले, तोवर ‘एक नंबरवर भेटू’ असे ठरवून दोन स्नेही एकमेकांची वाट पाहत दोन स्थानकांत तिष्ठत राहू शकत. खुद्द वेळेविषयीच या शहराचे एकमत नव्हते. 1906 साली भारतीय प्रमाणवेळ मुक्रर झाल्यावरही मुंबईने आपली 39 मिनिटे मागची ‘मुंबई वेळ’ हट्टाने 1955 पर्यंत जपली. आमची 8.14 ही त्या पक्षाची शेवटची निष्ठावंत अनुयायी असावी, असा मला दाट संशय आहे.

याचा अर्थ मी नेहमी उशिराच पोहोचलो असा नव्हे. एके दिवशी 8.14 थोडी रेंगाळली, मी शेऱ्याची मनोमन तयारी करून पूल उतरलो, समोर लागलेल्या गाडीत शिरलो, आणि 10 च्या ठोक्याला कचेरीत हजर! मागाहून कळले की ती 9.11 च होती. तीही अडकली होती. उलट ज्या दिवशी 8.14 ठरल्या क्षणी दादरला लागली, त्या दिवशी मी चहा घेऊन, मिशा पुसून फलाटावर उभा राहिलो, आणि ‘2 मिनिटे’ असे सांगणारा इंडिकेटर साडेनऊपर्यंत आपल्या शब्दावरून ढळला नाही. तेव्हा रेल्वेच्या चरणी माझा अर्ज वक्तशीरपणासाठी नाहीच. त्या दोघींनी आपसात ठरवून समसमान उशीर करावा, एवढीच माझी दरखास्त आहे. एकीचे वेळेवर येणे हेच दुसरीच्या प्रवाशाचे मरण होय.

घाटकोपरला उतरून 2014 साली सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरी गाठावी आणि तेथून पुन्हा लोकल धरावी, असे कचेरीतील तरुण मंडळी सुचवतात. एक जोड ज्याला सांभाळता येईना, त्याला दोन सांभाळावयास सांगणारी ही पिढी आहे.

हल्ली मी आदल्या, 7.51 च्या गाडीने जातो. घरात त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही, आणि तेच अधिक बोचते. तो ताळेबंद अजून पासाच्या पाकिटात आहे. कोणा वाचकाला हवा असल्यास त्याने खुशाल मागून न्यावा. त्यातील पुलाची 4 मिनिटे तेवढी रविवारची आहेत, हे ध्यानात असू द्यावे.